तर्क चुकल्याचे पेढे

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री जी शारदा, तिला वंदन करून हा लेख आरंभितो. प्रसंग असा, की मुलुंडातील आमच्या इमारतीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा प्रथमच छापून निघत आहे, आणि मसालेवाले, शिंपी व फरसाणवाले यांच्या जाहिरातींच्या मध्ये जी जागा मोकळी राहिली, ती भरण्यासाठी साहित्याची निकड उत्पन्न झाली आहे. आमच्या सोसायटीचे सचिव श्री. प्रधान यांनी ही निकड मोठ्या आदराने माझ्यापुढे मांडली. "बुवा, दोन-चार पानं लिहा ना. कायपण चालेल." 'कायपण' ह्या विषयाचे अध्ययन माझ्या गुरुगृही न झाल्यामुळे मी माझ्या दारासमोर राहणारे श्री. दिनकर तळवणेकर यांच्याविषयी लिहिण्याचे योजिले.

ज्याच्याविषयी लिहायचे त्याची अनुमती घ्यावी, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक डोळा मिटला, उजव्या हाताचे बोट वर केले आणि म्हटले, "लिवा की. पण तुमचा लेख शेवटपर्यंत कोण वाचणार नाही, असा आपला तर्क आहे, बुवा. खोटा ठरला तर पेढे."

ह्या वाक्याचा उत्तरार्ध वाचकांनी लक्षात ठेवावा. जगात लोक मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, बढती मिळाली, रंगीत टीव्ही घरी आला, की पेढे वाटतात. श्री. तळवणेकर स्वतः चुकले की पेढे वाटतात. आमच्या नाक्यावरील मिठाईवाल्याचा प्रपंच बव्हंशी त्यांच्या चुकांवर चालतो.

मी शाळेतील संस्कृत अध्यापनातून निवृत्त होऊन ह्या इमारतीत राहावयास आलो, त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतून माझे सामान उतरत होते. देवपूजेची तांब्या-पितळेची भांडी आणि लाल वस्त्रांत बांधलेली पोथ्यांची गाठोडी, एवढाच काय तो माझा संसार. संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि जाळीचा बनियन घातलेले एक सडपातळ गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या हातात एक पेढा ठेवला.

"काय शुभवर्तमान?" मी विचारले.

"माझा तर्क चुकला," ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही जुन्या कपड्यांवर भांडी देणारे. गाठोडी आणि भांडी एकदम बघितली ना! पण पोथ्या निघाल्या. घ्या, तोंड गोड करा."

बारा गावचे पाणी प्यालेल्या माणसालाही असे स्वागत विरळाच लाभते. मी तो पेढा देवापुढे ठेवला आणि देवाला सांगितले, की शेजार मिळाला आहे.

पुढे लक्षात आले, की हा केवळ माझा सन्मान नव्हता. तळवणेकर सकाळ-संध्याकाळ आपल्या गॅलरीत उभे राहत आणि खालून जो जाईल त्याच्याविषयी तर्क करीत. "तर्क! ह्या माणसाचं आज ऑफिसात भांडण झालंय." "तर्क! ही बाई माहेरी चाललीय, पण नवऱ्याला सांगितलेलं नाही." एवढ्यावर ते थांबते, तर जगात अशी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांना आपण चौकस म्हणतो. तळवणेकर खाली उतरून त्या माणसाला गाठीत आणि तर्क बरोबर का चूक, ते विचारून घेत. ज्या गृहस्थाचे ऑफिसात खरोखरीच भांडण झाले असेल, त्याला घराच्या पायरीवर अशी चौकशी केल्याने किती शांती लाभत असेल, ते सांगणे नलगे. तर्क चुकला तर मात्र त्याला पेढा मिळे. त्यामुळे काही चतुर मंडळी खरे असले तरी "छे, छे, साफ चूक" असे सांगू लागली. इमारतीतील सत्यनिष्ठा अशा रीतीने पेढ्याच्या भावाने विकली गेली.

आता माझ्यासारख्याला 'तर्क' ह्या शब्दाची ही विटंबना सोसणे कठीण. तरुणपणी गुरुजींच्या पायांशी बसून मी न्यायशास्त्राची पाने घोकली आहेत. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे जायचे, तर मध्ये अव्यभिचारी, म्हणजे कधीही न चुकणारे, नाते लागते, हेतू लागतो, दृष्टान्त लागतो. हे सर्व असल्यावर जे होते ते अनुमान. ह्यातले काहीही नसताना जे होते त्याला मराठीत अंदाज करणे, अटकळ बांधणे, फार तर गृहीत धरणे म्हणतात. हे सर्व भेद मी एका रविवारी तळवणेकरांना समजावून सांगितले. त्यांनी संयमाने ऐकून घेतले. नंतर त्यांनी मला समजावून सांगितले.

"तुम्ही तर्क करता, बुवा. आम्ही तर्क बांधतो. आमच्या भांडुपच्या कारखान्यात मशीन बंद पडलं, की पाना हातात घ्यायच्या आधी आम्ही मेंटेनन्सवाले गोल करून उभे राहायचो. एकेकानं तर्क बांधायचा. हा म्हणणार बेअरिंग, तो म्हणणार पट्टा. मग खोलून बघायचं. ज्याचा चुकला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा."

"ज्याचा बरोबर येईल, त्याला काय?"

"त्याला काय? त्याला फुकट चहा. बुवा, चुकायची लाज वाटली ना, की माणूस तर्क बांधत नाही. गप्प बसतो, आणि मशीन बंदच राहतं. तर्क बांधायचा म्हणजे काय सांगू? जे म्हाईत नाही, ते म्हाईत आहे असं घटकाभर धरून चालायचं, आणि कुठं आपटतो ते बघायचं. आपटलो तर सोडून द्यायचं. बाकी काय नाय."

अशा शास्त्रार्थावर मी मंद स्मित केले. विद्वानाजवळ उत्तर नसले म्हणजे त्याने मंद स्मित करावे, अशी परंपरा आहे.

चहाचे पेढे कसे झाले, त्याला कारण सौ. सुमतीवहिनी. तळवणेकर निवृत्त होऊन घरी बसले, तेव्हा तर्क बांधायला मशीन उरले नाही आणि चूक काढायला मंडळी उरली नाही. दुसरी उणीव वहिनींनी मनापासून भरून काढली. चुकल्याचा चहा करून देण्यास मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि स्वतःला चहा नीट येत नसल्याने तळवणेकर पेढ्यांवर आले. त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. स्वयंपाकघरातून बाहेर न येता, हातातले काम न थांबवता, त्या नवऱ्याचा प्रत्येक तर्क एका वाक्याने खाली पाडीत. "तुमका काय कळता!" हे ते वाक्य. त्यांचा आवाज असा, की तळमजल्यावरचा इस्त्रीवालाही ते ऐकून इस्त्री बाजूला ठेवी आणि आता पुढे काय येते, त्याची वाट पाही.

त्यांच्या ह्या अधिकाराचा अनुभव मीही घेतला आहे. आमच्या इमारतीच्या पश्चिमेला डोंगर दिसतो. एके दिवशी संध्याकाळी तळवणेकरांच्या गॅलरीत मी चहा घेत असता डोंगराच्या कुशीतून करडे लोट वर चढताना दिसले. शास्त्राभ्यासकाच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो. डोंगर, त्यावर धूर, आणि समोर अज्ञ श्रोता! पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना जो दृष्टान्त शिकवला जातो, तो साक्षात मुलुंडात अवतरला होता. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "पाहा तळवणेकर, ह्याला म्हणतात अनुमान. तेथे धूर दिसतो आहे. जेथे धूर तेथे अग्नी. म्हणून त्या डोंगरावर अग्नी आहे."

तळवणेकरांनी एक डोळा मिटला. "तर्क! धूर नाय तो. धुकं आहे."

आतून फोडणीचा आवाज आला आणि त्याच्यावर चढलेला दुसरा आवाज आला. "तुमका काय कळता! धूर नाय आणि धुक्याचा तर नावच काढू नका. खडीच्या खाणीची धूळ ती. रोज माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांर बसता."

मी बारकाईने पाहिले. खाणीची धूळच होती. तळवणेकर लगेच चपला घालून पेढे आणावयास गेले; एक पेढा स्वतःच्या चुकीचा, आणि एक, माझी हरकत नसेल तर, माझ्या वतीने. मी हरकत घेतली नाही.

असे हे सुखाने चालले होते. गेल्या वर्षी पाडव्यानंतर सुमतीवहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. रुग्णालयातून सोडताना डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेतले. सोबत म्हणून मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "हात-पाय हळूहळू थोडे सुधारतील. समजतं त्यांना सगळं. पण बोलणं परत येईल, असं काही मला वाटत नाही."

"हा तुमचा तर्क काय, डॉक्टर?" तळवणेकरांनी विचारले.

"तर्क नाही हो. अनुभव आहे."

"म्हणजे तर्कच. चुकलात तर पेढे द्याल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. ह्या गृहस्थांना घरी न्यावे, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. मी नेले.

त्यानंतर आमच्या इमारतीत एक अद्भुत घडले. कोणालाही वाटावे, की घरात असे दुःख आल्यावर मनुष्य अंतर्मुख होईल, निदान गॅलरीतून आत जाईल. तळवणेकर उलट अधिकच बाहेर आले. त्यांचा आवाज दुप्पट झाला, आणि तर्कांनी तर विवेकाची साथ सर्वस्वी सोडली. पूर्वीचे तर्क चुकीचे असत, पण ते संभवनीय कोटीतले असत. आता ते गॅलरीत उभे राहून सबंध आळीला ऐकू जाईल अशा स्वरात सांगू लागले, की प्रधानांनी आणलेल्या रंगीत टीव्हीच्या खोक्यात टीव्ही नसून गव्हाचे पीठ आहे. इस्त्रीवाला रात्री सर्वांचे कपडे घालून फिरतो. समोरच्या इमारतीतले डॉक्टर मूळचे घोड्यांचे आहेत. माझ्याविषयी त्यांचा तर्क असा होता, की मी रोज सकाळी देवळात जातो तो दर्शनासाठी नव्हे, तर तेथील पुजारी चहा बरा करतो म्हणून. (पुजारी चहा बरा करतो, हे खरे आहे. परंतु त्याचा दर्शनाशी अव्यभिचारी संबंध नाही.)

आणि पेढे बंद झाले. एवढे धडधडीत खोटे तर्क, आणि एकालाही पेढा नाही! श्री. प्रधान यांचा संताप टीव्हीच्या खोक्यापेक्षा ह्या मुद्द्यावर अधिक होता. "बुवा, ही शुद्ध फसवणूक आहे," ते म्हणाले. "पिठाचं म्हणाले, चालेल. पण मग पेढे द्यावेत ना! कायतरी नियम पाहिजे की नाही, यार?"

तळवणेकरांचे डोके फिरले, असे इमारतीचे सर्वसंमत निदान झाले. बायकोच्या आजारपणाने झाले असेल, असे काही दयाळू लोक म्हणाले आणि दार लावून घेऊ लागले.

कळस झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या लेलेकाकूंच्या घरी. त्यांच्या माधवीला पाहावयास बोरिवलीहून मंडळी यायची होती. लेलेकाकूंनी सकाळीच घर सजवून पोह्यांची तयारी करून ठेवली होती. टॅक्सी फाटकाशी थांबली. आधी मुलाची आई उतरली, मग मुलगा, मग मुलाचे मामा. इतक्यात वरून आकाशवाणी झाली.

"तर्क! मुलाच्या डोक्यावरचे केस त्याचे नव्हेत! टोप आहे, टोप!"

मुलाच्या आईने वर पाहिले. मुलाने वर पाहिले. मामांनी मात्र वर न पाहता दोन्ही हात झटकन आपल्या डोक्यावर ठेवले.

मंडळींनी पोहे निःशब्दपणे खाल्ले. "कळवतो" म्हणून ती गेली. मामा टॅक्सीत बसेपर्यंत एक हात डोक्यावर ठेवूनच होते. लेलेकाकू जिन्यातच बसल्या आणि ज्या भाषेत बोलल्या ती मी इतकी वर्षे भाषा शिकवूनही मला अपरिचित होती.

त्याच आठवड्यात समितीची बैठक भरली. तळवणेकरांनी गॅलरीत उभे राहून बोलणे तत्काळ बंद करावे. न केल्यास गॅलरीला बाहेरून पत्रे ठोकावेत, असा ठराव एकमुखाने संमत झाला. आता हे तळवणेकरांना सांगणार कोण? सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी सोसायटीचा अध्यक्ष आहे. वय झालेल्या आणि कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या सभासदाला अध्यक्ष करावे, असा आमच्या इमारतीचा अलिखित संकेत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळातून परतताना मी मनाशी वाक्ये जुळवीत होतो. फाटकात शिरलो, तोच वरून घोषणा झाली. "तर्क! शास्त्रीबुवांच्या पिशवीत पोथी नाय! खारी बिस्किटं आहेत, चोरून खातात!"

मी जिना चढलो. तळवणेकरांचे दार लोटलेले होते. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात जे दिसले त्याने उंबऱ्यावरच थांबलो.

गॅलरीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत सुमतीवहिनी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कुंकू लावलेले. तळवणेकरांनीच लावले असावे, कारण ते किंचित तिरके होते. बाहेरची घोषणा संपताच तळवणेकर लगबगीने आत आले, खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले आणि वहिनींच्या ओठांकडे पाहू लागले. भट्टीवर ठेवलेल्या दुधाकडे हलवाई पाहतो, तसे.

"सुमती, आयकलंस मां? बुवा चोरून बिस्किटा खातत. काय? खरा मां?"

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर जरासा आपटला. ओठ हलले नाहीत. मग आपल्या बनियनच्या टोकानेच तळवणेकरांनी वहिनींची हनुवटी पुसली आणि उठताना त्यांना मी दिसलो.

"या, बुवा," ते म्हणाले. "रागावला नाहीत ना? पिशवीत पोथी आहे, मला दिसतेय."

"मग असे का म्हणालात?"

त्यांनी मला गॅलरीत नेले आणि प्रथमच हळू आवाजात बोलले. "खरं सांगितलं तर ती नुस्ती ऐकून घेते, बुवा. लग्न झाल्यापासनं बघतोय मी. माझं बरोबर असेल तर ही गप्प. चुकलं की हिला राहवायचं नाही. ताप असो, उपास असो, तोंडात घास असो, चुकलेलं हिला गिळवतच नाही. म्हणून मी धडधडीत खोटं बोलतो. जितकं खोटं, तितकं बरं. एक दिवस हिला असह्य होईल."

"आणि लेल्यांच्या घरचा तो मुलगा?"

"त्याचे केस खरे होते, मला दिसत होतं की! म्हणून तर बोललो. मामाचं मला म्हाईत नव्हतं, आईशप्पत."

मी विचारले, "पण मग पेढे का बंद केलेत? प्रधान फार व्यथित आहेत."

तळवणेकरांचा चेहरा गंभीर झाला. "तर्क म्हणजे म्हाईत नसताना बांधायचा, बुवा. हे तर म्हाईत असून खोटं. ह्याला तर्क म्हणत नाहीत. आपण नुस्तं तोंडानं म्हणतो. ह्याला पेढे कसे वाटू? तर्क आपला सध्या एकच चालू आहे. ती बोलणार. तो खोटा ठरला, तर मात्र..." त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच तर्क असावा, ज्याच्या चुकीचे पेढे त्यांना वाटायचे नव्हते.

समितीचा ठराव माझ्या जिभेवरून पुन्हा पोटात गेला. मी आत आलो आणि वहिनींच्या समोर स्टुलावर बसलो. गॅलरीतून डोंगर दिसत होता. खाण चालू होती. करडे लोट वर चढत होते. उभ्या आयुष्यात मी बुद्धिपुरस्सर असत्य बोललेलो नाही. परंतु जे दिसते आहे ते धुरासारखे आहे, इतपत तरी सत्य माझ्या पदरी होते.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या डोंगरावर धूर दिसतो आहे. अर्थात तेथे अग्नी आहे. ह्यात लेशमात्र संशय नाही."

वहिनींनी डोंगराकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत माझ्या समग्र विद्येविषयी जे मत होते, ते वाचेवाचूनही पुरेसे स्पष्ट होते. पण शब्द फुटला नाही.

समितीपुढे मी निवेदन केले, की ठराव पोचविता आला नाही. त्याऐवजी अध्यक्ष ह्या नात्याने माझा असा निर्णय आहे, की प्रत्येक सभासदाने सवडीने सुमतीवहिनींकडे जावे आणि त्यांच्यासमोर एक तरी धडधडीत खोटी गोष्ट आत्मविश्वासाने सांगावी. कारणही सांगितले. मग मी हेही जोडले, की ह्या कामी आपल्या सभासदांना वेगळ्या प्रशिक्षणाची गरज भासेल, असे मला वाटत नाही.

पहिले प्रधान गेले. त्यांनी खुर्चीपुढे उभे राहून सांगितले, "वहिनी, सोसायटीची पाण्याची टाकी आम्ही नियमितपणे धुतो." वहिनींच्या दोन्ही भुवया वर गेल्या. उजवी भुवई हललेली पाहून तळवणेकरांनी प्रधानांना मिठी मारली. हुरूप येऊन प्रधान पुन्हा-पुन्हा गेले. लिफ्ट पुढल्या वर्षी बसणार, गळती थांबली, असे त्यांनी पुष्कळ सांगितले. इस्त्रीवाला आला आणि म्हणाला, की त्याच्या हातून आजवर एकही साडी जळलेली नाही. वहिनींनी डावा हात जोराने आपटला. साडी त्यांचीच होती. प्रत्येक वेळी आठी पडे, हात आपटे, गळ्यात काहीतरी घरघरे आणि तेथेच विरे. तळवणेकर प्रत्येकाला चहा देत. चहा त्यांना नीट येत नसे. त्याविषयी सर्वजण खोटेच बोलत.

लेलेकाकू तेवढ्या फिरकल्या नव्हत्या. त्यांचे रागावणे न्याय्य होते. श्रावण संपता संपता बोरिवलीहून होकार आला. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ज्या इमारतीत एवढी करमणूक आहे, तेथली मुलगी कंटाळवाणी असणार नाही. मामांना हे स्थळ पसंत नव्हते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. तेव्हा लेलेकाकू मिठाई घेऊन तळवणेकरांच्या घरी आल्या. त्या वेळी मी तेथे होतो. काकू वहिनींच्या शेजारी बसल्या, त्यांचा लुळा हात हातात घेतला, आणि लग्नाच्या जेवणाचा बेत सांगता सांगता म्हणाल्या, "आणि तुमच्याकडची सोलकढी ठेवणार आहे हो, खास तुमच्यासाठी. मला छान येते. कोकमाचं एवढं काही नसतं. मी आपला टोमॅटोच घालते. रंग तर अगदी तोच येतो."

मी नम्रपणे नोंदवू इच्छितो, की लेलेकाकू खोटे बोलत नव्हत्या. त्या खरोखरीच तसे करीत असत.

खोलीतली हवा बदलली. वहिनींच्या मानेची शीर ताठ झाली. तळवणेकरांनी ते पाहिले. कारखान्यात बंद मशीन गुरगुरू लागले, म्हणजे अनुभवी माणूस जसा हात हलकेच खटक्याकडे नेतो, तसे ते पुढे सरकले आणि अत्यंत निरागसपणे म्हणाले, "बरोबर बोलतात काकू. माझाही तर्क तोच. सोलकढीक टोमॅटोच बरो. कोकम कित्याक होया?"

"तु..."

आम्ही सर्व जागच्या जागी थिजलो.

"तु... म... का..."

आवाज पूर्वीचा नव्हता. खरखरीत होता, विहिरीवरचा रहाट ओढावा तसा आला होता. वाक्य अर्धेच झाले. उरलेले अर्धे पुढे आले नाही. ते येण्याची आवश्यकताही नव्हती. ते सबंध इमारतीला पाठ होते. तळवणेकरांनी वहिनींच्या मांडीवर डोके ठेवले, आणि त्या डोक्यावर वहिनींचा डावा हात पडला. तो आधी आपटल्यासारखाच पडला. मग तेथेच राहिला.

लेलेकाकू डोळे पुसत मला कुजबुजल्या, "अहो बुवा, मी नेमकं काय चुकीचं बोलले?"

संध्याकाळी तळवणेकर पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरले. प्रधान म्हणाले, "झकास! पण तळवणेकर, तुमचा तर्क तर खरा ठरला ना? मग पेढे कसले?"

"माझे नव्हेत," तळवणेकर म्हणाले. "डॉक्टरांचा तर्क खोटा ठरला. ते द्यायला विसरले, म्हणून त्यांच्या वतीनं मी देतोय."

डॉक्टरांनाही पेढे पोचविण्यात आले. त्यांनी ते घेतले आणि एक तिथेच तोंडात टाकला, असे कळते.

आता वहिनी थोडे थोडे बोलतात. जे बोलतात ते सर्व विरोधात असते. गॅलरीतून पुन्हा साधे, संभवनीय कोटीतले चुकीचे तर्क ऐकू येतात, आणि पेढे नियमाने सुरू झाल्याने प्रधानांचे चित्तही स्वस्थ आहे. गॅलरीला पत्रे ठोकलेले नाहीत. डोंगराकडे पाहून मी अनुमान करणे मात्र सोडले आहे.

वाचकहो, आपण येथवर आलात, ह्याचा अर्थ हा लेख शेवटपर्यंत कोणी वाचणार नाही, हा तळवणेकरांचा तर्क आपण खोटा ठरविला आहे. जिना चढून यावे. दार लोटलेलेच असते. आपला पेढा तेथे ठेवलेला आहे. तो गजानन आपणांस आणि आपल्या घरच्या सर्व लहानथोरांस आयुरारोग्य देवो. आपल्याविषयी कोणी वाईट तर्क बांधला असेल, तर तो खोटा ठरवो. आणि आपण चुकलो असता आपल्याला तसे मोठ्या आवाजात सांगणारे माणूस आपल्या घरात सदैव बोलते राहो.

इति शुभं भवतु.